जिंकूनबी तिथंच, नंदे?

ये. अशी इकडं ये, नंदे, दारात उभी राहू नकोस. भिंतीला टेकून बस माझ्याजवळ. आणि आता मला सांग, ही काय जायची रीत झाली? भांडण अर्ध्यात टाकून कुणी जातं व्हय? तू तुझं सगळं म्हणणं मांडून घेतलंस, मला घाबरट म्हणालीस, वर हसलीस, "जा, नीट इचार कर आन् मग उत्तर दे" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. मी बापडी उत्तर जुळवत बसले. भाकरी थापताना जुळवलं, देवाला पाणी घालताना जुळवलं. जुळत आलं होतं, तेवढ्यात तुझ्या नातीचा, पूर्वाचा फोन. पोरगी बोलेना, नुसती रडायली. मी काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, "अगं रडतीस काय, फोन आज्जीकडं दे."

त्यानंतर ती जे बोलली ते मी पुन्हा सांगत नाही. ते सगळ्यांनी सांगून झालंय. कुठं जन्मलीस, कुठं दिली, लेकरं किती, हे तुझ्या लेकानं पेपरातबी छापून आणलं. त्यात फुटबॉलाची एक ओळसुद्धा नाही बघ. वाचणाऱ्याला वाटावं, तू अमेरिकेत नुसती देवपूजा करत होतीस.

खरं सांगायला गेलं तर लोक हसतात. दोन म्हाताऱ्या, एक जळकोटाच्या पुढं हायवेकडच्या गावात, दुसरी समुद्रापलीकडं, आणि भांडण कशावर? तर अमेरिकेतल्या फुटबॉलात जिंकलेल्या टीमला वरच्या लीगमध्ये चढवावं का, आणि शेवटाला राहिलेलीला खाली उतरवावं का, यावर. माझ्या सुनेनं एकदा ऐकलं तर म्हणाली, "मामी, मला वाटलं शेताचा वाद चाललाय." शेताच्या वादात इतका जीव कुठला गं!

पण नंदे, हे आता नुसतं तुझं-माझं राहिलेलं नाही. यात्रेतले पोरींचे खो-खोचे सामने आपल्या वेळेला बंद पडले ते पडलेच, तुला माहीत आहे. औंदा कमिटीनं ते पुन्हा सुरू करायचं ठरवलंय. शाळेतल्या मनीषा मॅडम घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आज्जी, तुम्ही तेव्हा खेळलाय. सगळ्या गावांचा एकच गट करायचा, का पूर्वीसारखा वरचा आणि खालचा? आणि चढउतार ठेवायचा का नाही? कमिटीत एकमत होईना. तुम्ही म्हणाल तसं करू." आता बोल. तू नाहीस आणि गाव माझ्या तोंडाकडं बघायलंय. मी चुकले तर पोरींचे सामने परत बंद पडतील, ही धाकधूक वेगळीच.

तुला त्या फुटबॉलाचा नाद लागला कसा, ते आठवलं की मला अजून हसू येतं. तुझा नवरा वारल्यावर लेक तुला तिकडं घेऊन गेला. सुरुवातीला फोनवर रडायचीस. म्हणायचीस, "गंगे, हितं रस्त्यावर माणूस दिसत न्हाई, नुस्त्या गाड्या. बोलू कुणासंगं?" मग एका शनिवारी पूर्वानं तुला ग्राउंडवर नेलं. त्यांच्याकडं दिवेलागण म्हणजे आपल्याकडं तांबडं फुटायची वेळ. मी चुलीवर चहा ठेवलेला आणि फोनमध्ये तू. मागं हिरवंगार, लसूणघासासारखं मैदान, वर दिव्यांचे खांब, आणि तू पातळावर जाड कोट घालून, गळ्यात निळा-पिवळा मफलर गुंडाळून उभी. "गंगे, माणसं हायेत बघ! लई माणसं हायेत!" असं ओरडलीस. खेळ कुणाला दिसत होता? तुला माणसं सापडली होती.

खेळ मग कळत गेला. पायानं खेळायचं, हात लावायचा नाही, एवढंच तू मला पहिल्यांदा सांगितलंस. पण जीभ तुझी खो-खोचीच. एखादा पोरगा चेंडू घेऊन एकटाच पळायला लागला की तू उठून कडाडायचीस, "अरे खो दे! खो दे की रे मुडद्या!" शेजारच्या गोऱ्या लोकांना वाटलं, हे काहीतरी टीमला चेव आणायचं बोलणं आहे. तेबी ओरडायला लागले. सगळी ओळच्या ओळ. ते पहाटेचं ऐकून मी चुलीपुढं एकटीच हसत बसायचे आणि चहा उतू जायचा.

आणि मग तुझी टीम जिंकली. त्यांच्या लीगमध्ये पहिली आली. तू किती खूश! "आता वर जाणार माझी पोरं. वरच्या लीगच्या मोठ्या ग्राउंडावर." मी इथं साखर वाटली, खोटं नाही सांगत, शेजारच्या काशीबाईला दिली. दुसऱ्या आठवड्यात तुझा फोन आला तो आवाजच पडलेला.

"गंगे, वर जात नसत्यात म्हणं."

"म्हणजे?"

"पूर्वा सांगायली. वरच्या लीगचं दार बंद असतंय. टीमच्या मालकानं डोंगराएवढे पैसे भरले आन् त्यांच्या मनात आलं, तरच आत. जिंकायचा आन् वर जायचा काय संबंध न्हाई. बाकीच्या दुनियेत हाय म्हणं, हितं न्हाई." मग म्हणालीस, "जिंकूनबी तिथंच? मग पळायलेत कशाला गं ही पोरं?"

मी काय म्हणायला हवं होतं? व्हय गं बाई, वाईट झालं, असं म्हणून सोडून द्यायचं होतं. पण माझी जीभ. मी म्हणाले, "बरंय की. वर न्हाई गेली तर खालीबी न्हाई येणार." बस. तिथून जी सुरुवात झाली!

तू म्हणायचीस, वर शेवटाला बसलेल्या टीमला भीतीच नाही, म्हणून तिची पोरं झोपा काढतात. वर्षाच्या शेवटी शेवटी त्यांचे सामने म्हणजे पाहुण्यांनी जेवणं उरकल्यावरचा मांडव. कुणाचं लक्ष नाही, कुणाला घाई नाही. आणि खाली जिवाच्या आकांतानं खेळणाऱ्यांना वाट नाही. मी म्हणायचे, अगं टीम म्हणजे काय नुसती पळणारी पोरं? ग्राउंडबाहेर शेंगा विकणारा आहे, झाडलोट करणारी बाई आहे, टीम उतरली की लोक यायचे कमी, त्यांच्या पोटाचं काय? मालक तर पाठ फिरवून निघून जाईल. तू म्हणायचीस, "मालक आताबी निघून जातोय. पूर्वा म्हणाली, हितं टीम उतरत न्हाई, पण मालकाच्या मनात आलं की उचलून दुसऱ्या गावाला नेत्यात, न्हाईतर कुलूपच लावत्यात. त्यापरीस उतरलेली बरी की गं. उतरलेली टीम निदान आपल्या गावात तरी असती."

ह्यावर त्या दिवशी मी विषय बदलला, तुरीच्या डाळीवर नेला. कळलं होतं ना तुला? तू गालात हसलीस.

मला उतरायची इतकी भीती का, ते तुला ठावं होतं. पण पुरतं नव्हतं. कसं असणार? तू नव्हतीसच तिथं.

आपल्या यात्रेत दोन गट असायचे. खालच्या गटात जी पहिली येईल ती पुढच्या यात्रेला वरच्या गटात, वरची शेवटची ती खाली. आणि एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या यात्रेत मी ऐकली नाही. जी टीम उतरली, तिनं पुढच्या वर्षी वरच्या गटाच्या पहिल्या सामन्याला मैदानाची फक्की मारायची. चढून आलेल्या टीमसाठी, आपल्या हातानं, चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. आपण खालच्या गटात जिंकलो त्या दिवशी तू खांबापासून सूर मारून शेवटचा गडी टिपलास, तोंडात माती, गुडघा फुटलेला, आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी तुला उचलून धरलं. "पुढल्या साली वरच्या गटात!" असं सगळी गल्ली ओरडत आली. आणि पुढल्या सालाच्या आधीच तुझं लग्न लागलं. ढोकीला दिली तुला.

यात्रेला माहेरी आलीस ती हिरव्या चुड्यात, डोक्यावर पदर. आम्ही मैदानात, वरच्या गटात, आणि तू दोरीबाहेर, सासूच्या शेजारी. सासू कानडीत काहीबाही बोलत होती, तू माना डोलवत होतीस आणि डोळे आमच्याकडं. एकदा भान सुटून ओरडलीस, "गंगे, खो दे!" सासूनं असं बघितलं तुझ्याकडं, की तू पदर तोंडात धरलास. नंदे, अख्ख्या टीमला वर चढवलं कुणी? तू. आणि वरच्या गटात तू एक डाव खेळली नाहीस.

हे मला तेव्हा सुचलं नाही. तू अमेरिकेच्या पोरांसाठी तडतडत होतीस तेव्हाबी सुचलं नाही. आता, तुझ्या पाठीमागं, निवांत बसल्यावर सुचतंय. "जिंकूनबी तिथंच" हे तू कुणासाठी म्हणत होतीस गं?

तुझ्याशिवाय आम्ही वर टिकलो नाही. सगळे सामने हरलो, शेवटाला आलो. पुढच्या यात्रेला फक्कीची पाटी माझ्या हातात. भल्या सकाळी वाकून वाकून रेघा ओढल्या. चुन्यानं बोटं भाजल्यासारखी झाली. ज्या पोरी चढून आल्या होत्या त्या कडेला उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या, हसत नव्हत्या, उगी खोटं कशाला बोलू. त्यातल्या एकीनं मला पाणीबी दिलं. पण त्या साली खालच्या गटात आमची टीम उभीच राहिली नाही. माझा बाप म्हणाला, "वरच्या गटात होतीस तवर ठीक होतं. आता खालच्या गटात नाचायला कशाला?" सगळ्या घरी तेच. मग दुसऱ्या गावातल्याबी कमी होत गेल्या, आणि सामनेच बंद.

हे मी तुला फोनवर सांगितलं, तर तू काय म्हणालीस? "उतरली म्हणून न्हाई मेली टीम. तुमची लग्नं झाली म्हणून मेली. उतरण्यावर बिल फाडू नकोस." बरोबरच होतं तुझं. अर्धं.

शेवटच्या फोनला तर तू रंगातच होतीस. खालच्या लीगवाल्यांनी आपसात चढउतार सुरू करायचं ठरवलंय म्हणे, पूर्वानं सांगितलं होतं. वरच्या लीगचं दार तसंच बंद, पण खाली निदान पायऱ्या तरी बांधणार. "एक कवाड तरी उघडलं की गं," म्हणालीस. मी म्हणाले, "आन् पयल्याच साली तुझीच टीम उतरली म्हणजे?"

"उतरंल. मीबी उतरीन तिच्यासंगं. खालच्या ग्राउंडावर मला बसायला खुर्ची मिळणार न्हाई व्हय? तू लई घाबरट हायेस, गंगे."

मग हसलीस. मग ते "नीट इचार कर."

तू गेल्यावरच्या पहिल्या सामन्याला पूर्वानं मला पहाटे फोन लावून दिला. तुझ्या खुर्चीवर तुझा मफलर ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, काही नाही, पण एक पोरगा चेंडू घेऊन एकटा पळायला लागला आणि ती सगळी ओळ उठून ओरडली, "खो! खो!" पूर्वानं फोन हलवून हलवून दाखवलं. मला धड दिसेना. दिवे सगळे पाण्यात पडल्यासारखे दिसायला लागले.

आता मी दुपारी ओसरीवर आडवी होते. हायवेवर ट्रक जातात, त्यांचा आवाज अर्ध्या झोपेत ग्राउंडवरच्या माणसांसारखा होतो. मग ते मैदान येतं. हिरवं. पण बाजूला आपल्या शाळेचं पिंपळाचं झाड. ती गोरी पोरं खो-खोच्या चौकोनात बसलीयेत, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं, शहाण्यासारखी. गोलचे दोन खांब आणि त्यांच्यामधून तू पळतीयेस. पायात बूट, केस मोकळे, गुडघा फुटलेला. काठाला तुझी सासू बसलीय आणि ती टाळ्या वाजवतीय, स्वप्नात कायबी होतं बाई. मी पळत येते, तुझ्या पाठीला हात टेकणार, आणि तू खांबाला वळसा घालतीस. वळलीस की दिसत नाहीस. मी खांबाच्या ह्या अंगाला, तू त्या अंगाला, आणि खांब तो केवढा, सांग बरं. हाताएवढा. तरी तू दिसत नाहीस. पण वाईट वाटत नाही. वारा असतो, उन्हं उतरलेली असतात, आणि मला पक्कं ठावं असतं की तू त्या अंगाला दम खात उभी आहेस.

त्या झोपेतून एकदा उठले ती उत्तर घेऊनच उठले. तोंडसुद्धा धुतलं नाही, तशीच शाळेत गेले.

कमिटीचे अण्णाबी तिथंच होते. त्यांचं आधीपासून एकच, "वर-खाली नको. सगळ्या पोरींना बक्षीस द्या, फोटो काढा, झालं. उतरवलं की लेकरांचं मन मोडतं, घरचे पाठवत नाहीत."

मी म्हणाले, "अण्णा, दोन गट करा. जिंकली ती चढली पायजे. जिंकूनबी तिथंच ठेवली तर मन मोडत न्हाई व्हय? आयुष्यभर मोडतं. मी बघितलंय."

"आन् उतरलेलीचं काय? तुमचीच टीम उतरून मोडली, तुम्हीच सांगता की."

"उतरून न्हाई मोडली," मी म्हणाले. आणि नंदे, इथं तुझंबी अर्धं खोडलं, ऐक. "पोरींची लग्नं झाली म्हणूनबी न्हाई मोडली. माझं लग्न त्यानंतर दोन सालानं झालं. मी घरीच होते. उतरल्यावर आमच्या दारात कुणी आलंच न्हाई. वरच्या गटात होतो तवर कमिटीची माणसं घरी येऊन बापाला सांगून जायची, मोठ्या बाई यायच्या, हळदीकुंकू व्हायचं. उतरल्यावर पुढल्या साली फक्की मारायला निरोप आला, खेळायला न्हाई. बापाला वाटलं, झालं आता, कुणी इचारीना. बापाचं तरी काय चुकलं?"

मॅडम म्हणाल्या, "मग काय करायचं, आज्जी?"

"पयलं आवतण उतरलेल्या टीमला. यात्रेचं नारळ फुटायच्या आधी. कमिटीनं सगळ्यांनी मिळून त्या गावाला जायचं, एकेका पोरीच्या घरी, आयबापापुढं बसायचं आन् पोरगी मागायची. लग्नाला मागतो तशी. मग बाकीच्या गावांना."

अण्णा म्हणाले, "हरलेल्यांना एवढा मान?"

"मान कसला, अण्णा? बोलावणं हाय. तेवढंच लागतं माणसाला."

अण्णा डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले, "आमच्या गाडीत सगळी कमिटी मावायची न्हाई. दोन गाड्या लागतील." म्हणजे झालं, बघ. ठरलं.

हे माझं उत्तर, नंदे. तुझं खरं, दार उघडलंच पाहिजे, तिकडंबी आणि इकडंबी. तुझ्या त्या अमेरिकेच्या वरच्या लीगवाल्यांना माझ्या वतीनं पूर्वाला सांगायला सांगितलंय, काय ऐकतील ते ऐकतील. पण माझंबी खरं, उतरणाऱ्याच्या घरी कुणीतरी गेलं पाहिजे. नुसती शिडी लावून चालत नाही. एवढी वर्षं आपण एकमेकींशी भांडलो आणि दोघींजवळ अर्धं अर्धंच होतं. भांडलीस म्हणून मला जुळवता आलं. भांडली नसतीस तर मी अण्णांच्या त्या बक्षीस-फोटोच्या बेताला मान डोलावली असती, आणि पोरी पुन्हा घरातच राहिल्या असत्या. हे तुला जिवंतपणी सांगितलं नाही. कबूल कोण करणार, तुझ्यापुढं? डोक्यावर बसली असतीस.

आता तू म्हणशील, गंगे, दोन गाड्या भरून गावोगाव आवतणं द्यायला निघालीस, मला कुठं दिलंस? देते की. कमिटीची माणसं यात्रेच्या तोंडावर निघतील, त्यांची वाट कशाला बघायची? पोरी आत्तापासूनच शाळेमागं सरावाला लागल्यात, सांजच्याला मी तिथं खुर्ची टाकून बसते, मॅडमनी शिट्टीबी दिलीय मला. एक पोरगी खांबापाशी गचकन वळती, तिचा पाय चुकतोय कुठंतरी, आणि मला ते सांगता येईना. तुला सांगता येईल. यात्रेपर्यंत राहू नकोस, नंदे. झोपेत ये, उन्हात ये, कशीबी ये. ह्याच आठवड्यात ये.